सरासरी वाढेलही, पण पाण्याच्या भरवशाचं काय?

एप्रिल २०१६ मधे मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या खेपेला दहा टँक वॅगन, एकेकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर. मांजरा धरण तेव्हा कोरडंठाक पडलेलं आणि हे पाणी होतं कृष्णेचं. गंमत म्हणजे त्याच वर्षी पावसाळा संपता संपता मांजरा भरलं. आणि लातूरची तहान भागवणारी तीच कृष्णा पुढं तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मधे, सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेली, जिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात तर उपसा केंद्रंच पुरात बुडाली, त्यामुळे गावभर पाणी आणि नळाला थेंब नाही अशी अवस्था झाली.

असं काही झालं की पुढचे दोन महिने एक प्रश्न सगळीकडे फिरत राहतो, चॅनेलवर, सेमिनारमधे, व्हॉट्सॅपवर, की हवामान बदलामुळे २०५० पर्यंत आपल्या नद्यांचं काय होणार. उत्तर देणारे दोन प्रकारचे. एक जण छातीठोक आकडा सांगतो, अमुक टक्के पाऊस वाढणार आणि तमुक टक्के पाणी घटणार. दुसरा म्हणतो मॉडेलच एकमेकांशी जुळत नाहीत, आधी नक्की काय ते कळू द्या, मग बघू. मला विचाराल तर दुसरा जास्त धोकादायक आहे, कारण तो शहाणा वाटतो आणि फायलीवर शेरा मारायला त्याचं वाक्य फार सोयीचं पडतं.

मुळात "अंदाज पक्का नाही म्हणून आम्ही अंदाज वापरत नाही" हेच खोटं आहे. अंदाज आपण रोज वापरतोय. प्रत्येक धरणाच्या सांडव्यात, प्रत्येक पूररेषेत, कालव्याच्या प्रत्येक पाळीत एक भाकीत आधीच बसवलेलं आहे, आणि ते भाकीत असं की पुढची पन्नास वर्षं मागच्या पन्नास वर्षांसारखीच जाणार. ते कुणी मोठ्यानं म्हणत नाही एवढंच. हे गृहीतक आता चालणार नाही असं जलशास्त्रातल्या नामवंत लोकांनी 'सायन्स' मासिकात २००८ सालीच स्पष्ट लिहिलं होतं. त्यामुळे खरी निवड अंदाज वापरायचा की नाही अशी नाहीच आहे, एक भाकीत चुकीचं असल्याचे पुरावे साठत चाललेत आणि दुसरं धूसर आहे, या दोनातून काय उचलायचं असा प्रश्न आहे.

कृष्णेचंच घ्या. आपल्याकडे सिंचन प्रकल्प ७५ टक्के विश्वासार्हतेच्या पाण्यावर आखतात, म्हणजे शंभरातली पंच्याहत्तर वर्षं तरी इतकं पाणी येईल असा भरवसा. बच्छावत लवादानं सत्तरच्या दशकात महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेव्हाचा आंध्र यांच्यात पाणी वाटलं ते या हिशोबानं, २०६० टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), आणि शेतातून झिरपून परत नदीत येणारं सत्तर टीएमसी धरून २१३०. मग २०१० मधे ब्रिजेशकुमार लवादाचा निवाडा आला. त्यांनी नवी मालिका, म्हणजे नदीत वर्षावर्षाला किती पाणी आलं त्याची यादी, काढली, त्यात ७५ टक्क्यांना आकडा आला २१७३, ६५ टक्क्यांना २२९३ आणि सरासरी २५७८. आता ७५ टक्के भरवशाचं पाणी आणि सरासरी पाणी यातलं अंतर बघा, ४०५ टीएमसी. आपलं अख्खं कोयना धरण १०५ टीएमसीचं. म्हणजे जवळजवळ चार कोयना भरतील एवढं पाणी असं आहे जे कागदावर आहे पण दरवर्षी नाही, एखाद्या वर्षी धो धो येतं आणि एखाद्या वर्षी तोंडही दाखवत नाही. बच्छावत लवादानं हे वरचं पाणी कुणाला हक्कानं दिलं नव्हतं, आंध्रला फक्त वापरायची मुभा होती. नव्या निवाड्यानं सरासरीपर्यंतचं सगळं वाटून टाकलं, महाराष्ट्र ६६६, कर्नाटक ९११, आंध्र १००१, बेरीज करून बघा, बरोबर २५७८ येते. निवाडा सुप्रीम कोर्टात अडकलाय ते सोडा, पण विचार करण्याची पद्धत दिसते ना.

माझ्या मते हवामान बदलाचा सगळा घोळ या ४०५ मधे आहे. आपण सगळे सरासरीकडे बघत बसतो, पाऊस वाढणार की घटणार. पण सरासरी वाढूनही भरवसा घटू शकतो. दहा वर्षांत दोन वर्षं तुफान पाऊस झाला आणि तीन वर्षं कोरडी गेली तरी सरासरी झकास दिसते, पण उसाला पाणी मिळत नाही, प्यायलाही नाही आणि त्या दोन वर्षांत घरं बुडतात ती वेगळीच.

बरं, मॉडेल नेमकं काय सांगतात आणि काय सांगत नाहीत ते नीट वेगळं करायला पाहिजे, कारण इथं बराच गोंधळ होतो. तापमान वाढणार याबद्दल वाद नाही. हवा एका अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते हे भौतिकशास्त्र आहे, त्यामुळे पडतो तेव्हा पाऊस जास्त जोरात पडणार हेही बऱ्यापैकी पक्कं. आणि हे भविष्यातलं राहिलेलं नाही, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मधे दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि हे मान्सून एकूणात कमकुवत होत असताना. आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीचा, २०२१ चा अहवाल म्हणतो की या शतकात पुढं भारतातला एकूण मान्सूनचा पाऊस वाढेल आणि वर्षावर्षातला फरकही वाढेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो घटला त्यात धूर-धुळीच्या कणांचा मोठा हात होता असंही त्यातच आहे. म्हणजे ढोबळ चित्र असं, एकूण पाऊस थोडा जास्त, जोराचे दिवस जास्त, मधल्या उघडिपी बेभरवशाच्या आणि सगळ्यावर उष्णतेचं बाष्पीभवन. उजनी किंवा जायकवाडीसारख्या पसरट, उथळ जलाशयाला हे शेवटचं फार लागतं.

पण "वारणेच्या पाणलोटात २०४७ च्या ऑगस्टमधे किती" असं विचारलं की मॉडेल गप्प होतं, आणि ते गप्प होणं प्रामाणिक आहे. जगाच्या हवामानाची मॉडेल साधारण शंभर किलोमीटरच्या चौकटीनं जग बघतात. आता महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की हजाराच्या आत, आणि पुढं माण-खटावकडे गेलात की पाचशेच्या आसपास. हे सगळं एका चौकटीत! त्या चौकटीतला सरासरी पाऊस म्हणजे असा पाऊस जो सातारा जिल्ह्यात कुठल्याच गावात पडत नाही. मग त्याला बारीक करायच्या पद्धती आहेत, आणि जुन्या नोंदींशी ताडून चूक दुरुस्त करायची पद्धत आहे. घड्याळ पाच मिनिटं मागं आहे हे माहीत असलं की आपण मनात पाच मिळवतो तसं. पण घड्याळ उद्याही पाचच मिनिटं मागं राहील याची गॅरंटी काय? इथंही पुन्हा मागच्यासारखंच पुढं हे गृहीतक मागच्या दारानं आत आलेलं असतं, आणि मग असा दुरुस्त केलेला आकडा कुणी दशांश चिन्हापर्यंत सांगायला लागला की मला हसू येतं.

आणि नदीचं पाणी म्हणजे नुसता पाऊस नाही हे तर आणखी वेगळंच. सांगलीपाशी कृष्णेत मार्चमधे किती पाणी असेल हे ढगांपेक्षा कोयनेतून किती सोडलं, टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पंप किती चालले आणि किती एकर ऊस उभा आहे यावर ठरतं. २०५० च्या उसाच्या क्षेत्राचं मॉडेल कुणाकडं आहे? कारखान्यांच्या निवडणुकांचं? म्हणून मी म्हणतो एकच आकडा मागणं सोडून द्या, पट्टा मागा. म्हणजे कमीत कमी इतकं, जास्तीत जास्त इतकं, आणि या पूर्ण पट्ट्यात आपले नियम टिकतात का ते तपासा. हे काम अनिश्चितता असतानाच करायचं असतं, ती संपायची वाट बघून नाही, कारण ती संपणार नाहीये.

आता दुसरीकडची पळवाट. सगळं हवामान बदलावर ढकलणं. जुलै २०१९ मधे चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं गेली, तेव्हा खेकड्यांनी धरण पोखरलं असं खुद्द मंत्र्यांनी सांगितलेलं आठवत असेल. हवामान बदल हा आता सगळ्या खात्यांचा नवा खेकडा होतोय. पात्रात भराव टाकले, नाले बुजवले, परवानग्या दिल्या, आणि पाणी घरात आलं की "अभूतपूर्व पाऊस होता हो". पाऊस अभूतपूर्व असतोही. महाबळेश्वरला जुलै २०२१ मधे एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला, मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला ९४४ पडला होता आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरही नव्हता. नाकारतंय कोण. पण पुण्यात जुलै २०२४ मधे सिंहगड रोडला एकतानगरीत पहाटे लोकांच्या पार्किंगमधे आणि घरात पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्यातून सोडलेलं पाणी ३५ हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफुटांच्या, आसपास होतं, आणि मुठेनं यापेक्षा जास्त विसर्ग याआधी नेलेला आहे. तिथं ढगाला दोष देऊन भागत नाही, पात्र कुठं गेलं ते विचारावं लागतं.

सांगली-कोल्हापूरकडची तिसरी एक पळवाट आहे ती म्हणजे अलमट्टी, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. राज्य सरकारनंच २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, तरी दर पावसाळ्यात तो विषय निघतोच. धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायची म्हणतायत त्याला विरोध करायला कारणं असतील, मीही म्हणेन की पूर्ण पट्ट्यातल्या पुरांवर तपासल्याशिवाय एक इंच वाढवू नका. पण मग तोच नियम आपल्या धरणांनाही लावायला नको का?

कारण खरी गोष्ट आपल्या धरणांच्या वेळापत्रकात आहे. कुठल्या तारखेला धरण किती टक्के भरलेलं असावं हे ठरलेलं असतं, पाटबंधारेवाले त्याला आरओएस म्हणतात, रूल कर्व्ह म्हणतात. २०१८ मधे पाऊस दगा देऊन गेला, राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०१९ चा मान्सूनही उशिरा आला, जून जवळपास वाया गेला. अशा वेळी धरणावरचा अभियंता काय करेल? जुलैत पाणी यायला लागलं की साठवेल. तुम्ही आम्हीही तेच केलं असतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत धरणं भरत आली आणि मग घाटावर जो पाऊस लागला तो थांबेचना, खाली मोकळ्या पाणलोटातही पडत होता, आणि वरून सोडल्याशिवाय इलाज नव्हता. दोन्ही पाणी एकावर एक आलं. म्हणजे २०१९ चा पूर काही अंशी २०१८ च्या दुष्काळानं घडवला असं म्हणायला हरकत नाही. दुष्काळ आणि पूर हे आपल्याकडं दोन वेगळे विभाग, दोन वेगळ्या फायली, दोन वेगळ्या मदती आहेत, नदीला मात्र हे माहीत नाही.

आणि त्या अभियंत्याच्या जागी बसून बघा. त्यानं हवामान खात्याचा अंदाज मानून धरणात पंधरा टक्के जागा रिकामी ठेवली आणि पाऊस आलाच नाही, तर ऑक्टोबरमधे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत त्याची काय अवस्था होईल? आमदार, पाणीवापर संस्था, पेपरवाले, सगळे त्याचं नाव घेऊन विचारणार की पाणी कुणाच्या सांगण्यावरून सोडलंस. उलट त्यानं धरण काठोकाठ भरून घेतलं आणि मग पूर आला तर पाऊस अभूतपूर्व होता, वेळापत्रक पाळलं होतं, विषय संपला. एका चुकीला माणूस जबाबदार धरला जातो, दुसऱ्या चुकीला निसर्ग. अशी व्यवस्था असल्यावर तुम्ही त्याला जगातलं सगळ्यात भारी मॉडेल आणून द्या, तो धरण भरूनच घेणार. मला वाटतं अंदाज सुधारण्यापेक्षा हे सुधारणं जास्त अवघड आहे आणि जास्त गरजेचं आहे, आणि याबद्दल कुठल्याही क्लायमेट परिषदेत कुणी बोलत नाही.

अंदाज तर सुधारतायतच. पुण्यातल्याच आयआयटीएमनं बनवलेली सहा किलोमीटर चौकटीची 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मधे सुरू झाली. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी धरणांची आवक आणि पूर यांचा त्या त्या वेळचा हिशोब करणारी यंत्रणा पुण्यात सिंचन भवनात गेली कित्येक वर्षं आहे. चार-पाच दिवस आधीचा अंदाज घाटमाथ्यासाठी आता बऱ्यापैकी वापरण्याजोगा असतो. कॅलिफोर्नियात लेक मेंडोसिनो नावाच्या जलाशयावर अंदाज बघून साठा वरखाली करायचा प्रयोग झाला आणि तो नियमात आणायचं काम तिथं पुढं गेलं, तिथंही आधी कागदावर ठरलेली तारीखवार पातळीच होती.

आपल्याकडं हे करायचं तर आधी आकड्यांची जाणीव पाहिजे. एक लाख क्युसेक पाणी एक दिवस वाहिलं तर ८.६४ टीएमसी होतं. म्हणजे कोयनेत पंधरा टीएमसीची जागा ठेवली तर लाखाची आवक दोन दिवसही पूर्ण पेलणार नाही. त्यामुळे जागा रिकामी ठेवली की पूर येणारच नाही असं जे सांगतात तेही फसवतायत. पण पुराचा जो सगळ्यात वरचा कळस असतो ना, तो तेवढ्यानं कापता येतो, आणि सांगलीत ५७ फूट आणि ५३ फूट यात काय फरक असतो ते गावभागातल्या कुणालाही विचारा. शिवाय अंदाज आल्यावर आधी चार दिवस पाणी संथ सोडता येतं, ते खालच्यांना झेपतं.

मग ती जागा रिकामीच राहिली तर नुकसान कुणाचं? विजेचं, आणि उपसा योजनांवरच्या दुष्काळी तालुक्यांचं, म्हणजे आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. सांगली शहर वाचवायला जतच्या शेतकऱ्यानं पाणी सोडायचं आणि त्याला काहीच मिळायचं नाही हे कुणी का मान्य करावं? म्हणून माझं म्हणणं आहे की नियमातच लिहा, की पूर टाळायला ठेवलेली जागा १५ ऑक्टोबरपर्यंत भरली नाही तर जितकं पाणी कमी पडलं तितक्याची भरपाई राज्य देणार, वीज कमी पडली तर ती बाहेरून घेण्याचा खर्च राज्याचा, आणि ज्या अधिकाऱ्यानं लेखी अंदाजावर नियमाप्रमाणं निर्णय घेतला त्याला नंतर कुणी हात लावणार नाही. जायकवाडीच्या बाबतीत १५ ऑक्टोबरला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं असं सूत्र आलंच ना. त्यावर दर दुष्काळी वर्षी भांडणं होतात, कोर्टबाजी होते, पण भांडायला एक लिखित सूत्र आहे. पुरासाठी तेवढंही नाही.

पूररेषेचं थोडक्यात. महाराष्ट्रात निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. लोकांना वाटतं लाल रेषेवर घर घेतलं तर आपल्या नातवाला त्रास होईल, आपल्याला नाही. हिशोब मांडा, दरवर्षी एक टक्का शक्यता असेल तर तीस वर्षांच्या होम लोनच्या काळात एकदा तरी पाणी यायची शक्यता २६ टक्के आहे. निळ्या रेषेवर ती ७० टक्क्यांच्या वर जाते. आणि हे जुना पाऊसच पुढं पडत राहील असं धरून! आयर्विन पुलानं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन पूर सतरा वर्षांत बघितले, तिन्ही वेळा पाणी पन्नास फुटांच्या बरंच वर. पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्यालाही तेच, धोका पातळी ४३ फूट, २०१९ ला ५५ च्या वर, दोनच वर्षांनी त्याहूनही जास्त. अशा वेळी पूररेषेचा नकाशा एकदा काढला की कायमचा हे बंद करून त्याला दहा वर्षांची मुदत घाला. इंग्लंडमधे प्रत्येक नदीखोऱ्यासाठी पुराच्या विसर्गात हवामान बदलापोटी इतके टक्के जादा धरा असं कोष्टकच सरकारी यंत्रणेनं दिलंय, त्यांच्याकडं तरी कुठं २०५० चा पाऊस आधी येऊन गेलाय? त्यांनी पट्टा घेतला, त्यातला एक आकडा निवडला आणि चुकला तर बदलू म्हणाले. आपल्याकडं नकाशाची फेरमोजणी बहुतेक वेळा कुणाला तरी रेषेबाहेर काढायला होते, हे रेड झोनमधे प्लॉट असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आणखी एक लाडकी कल्पना म्हणजे कृष्णेचं पुराचं पाणी उचलून मराठवाड्याला द्यायचं. ऐकायला फार छान, सांगलीही वाचते आणि लातूरही, भाषणात तर टाळ्याच. पण पुन्हा तोच हिशोब. हजार क्युसेकचा उपसा म्हणजे काही लहान काम नव्हे, तो चोवीस तास चालवला तर एक टीएमसी उचलायला जवळजवळ बारा दिवस लागतात. पूर येतो पाच-सात दिवसांचा, दीड-दोन लाख क्युसेकचा. म्हणजे पुरावर काहीही परिणाम न होता पाणी थोडं फार जाईल, आणि बाकीचं वर्षभर पंप गप्प उभे राहतील किंवा मग, आणि हे जास्त खरं वाटतं, पूर नसतानाही चालवले जातील. मराठवाड्याला पाणी द्यायला माझा विरोध नाही, पूर उचलून दिला असं म्हणू नका एवढंच.

शिवाय मराठवाडा आणि दुष्काळी सोलापूर यांना फक्त कोरडा भाग धरून चालायचे दिवसही गेले. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, राज्यात ४० तालुके दुष्काळी जाहीर करावे लागले. आणि २०२५ मधे मेमधेच मुंबईत मान्सून पोचला, २६ मे, आजवरचा सगळ्यात लवकर. आणि सप्टेंबरमधे सीना नदीनं माढा, मोहोळ, परंड्याकडची गावंच्या गावं पाण्यात घातली. सीनेला पूर! जिच्या पात्रात एरवी वाळूचे ट्रॅक्टर फिरतात. नुसती पिकं नाही, शेतातली मातीच वाहून गेली, आणि गेलेली माती कुठल्या पंचनाम्यात भरून येते? खालचा काळा खडक पाणी जिरवायला आधीच नाखूश, त्यात आठ दिवसांचा पाऊस आठ तासांत पडला की विहिरीला काय मिळणार. एकाच वर्षी ऑक्टोबरमधे पुराची मदत आणि एप्रिलमधे टँकर हे आता अशक्य वाटत नाही.

यात विमा आणि भरपाईच्या नियमाचा एक तपशील सांगतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. दिवसभर रिपरिप ६५ पडला काय आणि संध्याकाळी दीड तासात ६५ पडला काय, नियमाला दोन्ही सारखेच, रानाला नाहीत. महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं राज्यात मंडळ पातळीवर आहेत, दोन हजारांच्या वर, ती वेळेनुसार नोंद करतात. ती तासातासाची नोंद सगळ्यांना सरळ उतरवून घेता येईल अशी उघडी करा. धरणांची तासातासाची आवक-जावक, पूररेषा काढताना धरलेला विसर्ग, वेळापत्रकामागची गृहीतकं, हे सगळं उघडं करा. आज अभियांत्रिकी कॉलेजातल्या एम.टेक. च्या मुलीला स्वतःच्या जिल्ह्यातल्या धरणाचा वीस वर्षांचा डेटा मिळवायला माहितीचा अधिकार वापरावा लागत असेल तर पुढचे अंदाज बांधणार कोण आणि तपासणार कोण.

आणि शेवटी पुन्हा लवादाकडं, कारण सगळी भांडणं तिथंच जाऊन थांबतात. ब्रिजेशकुमार लवादानं आपल्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २०५० नंतर करता येईल असं लिहून ठेवलंय. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र यांनी एकमेकांशी हवं तितकं भांडावं, पण पाण्याची मालिका तरी २०३० च्या आत एकत्र बसून नव्यानं काढावी, आणि सरासरी, ७५ टक्के आणि सगळ्यात वाईट पाच वर्षं असे तिन्ही आकडे शेजारी शेजारी जाहीर करावेत. आज जी मालिका निवाड्याच्या पायाला आहे ती १९६१-६२ ला सुरू होते आणि २००७-०८ ला संपते. लातूरची रेल्वे ज्या दुष्काळात धावली ते वर्ष त्यात नाही, २०१९ नाही, २०२१ नाही, २०२३ नाही.